चहाचं वाण

धक्का बसला की कुणी ओरडतं, कुणी छातीवर हात ठेवतं, कुणी भिंत धरतं. आमचे श्रीनिवासराव मेढेकर बसायचे. धक्का बसला, की तेही बसले. खुर्चीच हवी असा आग्रह नसे. मी त्यांना फुटपाथवर बसलेलं पाहिलंय, दुकानातल्या सरकत्या जिन्यावर पाहिलंय, आणि एकदा चर्चमध्ये, बाकांच्या मधल्या वाटेत, भर लग्नात. नवरीमुलीची आई नवऱ्यामुलापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ते सुपरवायझर होते. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या वाफेच्या यंत्रात घालून शुद्ध करायचं त्यांचं खातं. 'डॉक्टरांनी जीव वाचवला म्हणता,' ते म्हणायचे, 'पण कात्री कोणी वाफवली ते विचारता का कधी?' आम्ही विचारत नव्हतो. ते सांगत होते.

१९८६ साली हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी चहाच्या पाकिटावरचं 'इंग्लिश ब्रेकफास्ट' हे नाव पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं आणि शेजारच्या नर्सला सहज विचारलं, 'हा कुठल्या काउंटीत पिकतो?' सगळं टेबल हसलं. इंग्लंडात चहा पिकत नाही, एक पानसुद्धा नाही, हे त्यांना या देशात पंधरा वर्षं काढल्यावर कळलं. ते बसले. उष्ट्या बशांच्या ट्रॉलीवर.

'अहो, मला वाटायचं, केंटच्या बाजूला कुठेतरी मळे असतील!' त्या संध्याकाळी ते आमच्या घरी म्हणाले. 'घराला आग लागली तर बंब यायच्या आधी किटली ठेवणारी ही माणसं, आणि देशात झाड नाही? म्हणजे विठोबा नाही आणि एकादशी रोज!'

'मग तुम्ही लावा,' आमची सुलक्षणा म्हणाली. माझ्या बायकोला असं काहीतरी म्हणून भजी तळायला निघून जायची सवय आहे. परिणाम आम्ही भोगतो.

श्रीनिवासरावांनी खरंच लावला. मित्राचा भाऊ दार्जिलिंगकडे नोकरीला होता. त्याने ओल्या कोळशाच्या भुकटीत गुंडाळून साठ बिया पोस्टाने धाडल्या. चहाची बी दिसायला रिठ्याच्या धाकट्या भावासारखी. पाण्यात टाकली की चांगली बुडते, पोकळ तरंगते. एकवीस तरंगल्या. बुडालेल्या एकोणचाळीसपैकी पस्तीस उगवल्या. चार नुसत्याच बुडाल्या.

रोपं झाली, पण लावायची कुठे? कौन्सिलची अलॉटमेंट, म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणारा भाजीचा तुकडा, एक त्यांच्याकडे होताच. चहासाठी शेजारचा दुसरा हवा होता, आणि अलॉटमेंटवर नंबर लावून बसलेल्यांची यादी लांबलचक. कमिटी सात जणांची. अध्यक्ष मिस्टर होल्रॉइड, निवृत्त बस ड्रायव्हर, जन्मभर रूबार्ब, म्हणजे लाल दांड्यांची आंबट भाजी, लावत आलेला माणूस. लीड्स आणि वेकफील्डच्या मधल्या मातीत रूबार्ब असा येतो, की तिथली माणसं जगातल्या इतर सर्व झाडांना तण समजतात.

'चहा?' होल्रॉइड म्हणाले. 'इथे?'

'माती आंबट आहे. चहाला तशीच लागते.'

होल्रॉइडनी पाइप काढला, मातीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग १९८७ सालच्या मे महिन्यात असं ठरलं, की तुकडा चार वर्षांसाठी द्यायचा. १९९१च्या जूनअखेर मेढेकरांनी कमिटीला आपल्या चहाची एक किटली पाजायची, सात कप. पाजली तर तुकडा कायम त्यांचा. नाही पाजली, तर यादीत जो पुढे असेल त्याचा.

त्या दिवसापासून या गृहस्थाचं आयुष्य एका किटलीच्या मापाचं झालं. त्यांनी हिशेब घातला. सात कपांना सुकलेला चहा तीन चमचे. त्यासाठी दीडशे कोवळे शेंडे, प्रत्येकी दोन पानं आणि एक कळी. चार दांडगी रोपं त्यांनी तुकड्यावर लावली, थंडी सोसतात का बघायला. उरलेली एकतीस घरामागच्या छोट्या ग्रीनहाउसमध्ये कुंड्यांत ठेवली. १९९१च्या वसंतात तीही तुकड्यावर जाणार होती. चार वर्षं झाडाला हात लावायचा नाही, पहिली तोड एकदम परीक्षेच्या वर्षी. चार वर्षांत ती वीतभर झाली. एवढ्या काळात त्यांची रश्मी शाळकरी पोरीची कॉलेजकुमारी झाली, पण तिच्या उंचीच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. रोपांच्या होत्या.

घरात चार वर्षं दुसरा विषय नाही. 'वाण उत्तम आहे,' ते जेवताना म्हणायचे. 'कणखर वाण आहे.' डिसेंबरात एकदा ग्रीनहाउसमधून हात पुसत आले आणि बायकोला म्हणाले, 'यंदा वाण तयार आहे बरं का. मोजून एकतीस.'

आता इथे मला तुम्हाला मधुमतीवहिनींबद्दल सांगितलं पाहिजे. श्रीनिवासरावांच्या या पत्नीने लीड्सच्या थंडीत वीस वर्षं संक्रांतीचं हळदीकुंकू चुकवलेलं नाही. घराबाहेर बर्फ आणि घरात काळ्या साड्या. यादी ठरलेली, एकतीस बायका. दर वर्षी वाण काय लुटायचं याची चिंता त्यांना दिवाळीपासून. आणि दर वर्षी नवऱ्याचा या सोहळ्यातला सहभाग एकच, त्या दिवशी शिफ्ट लावून घेणं.

त्या माउलीने ऐकलं, 'यंदा वाण तयार आहे, मोजून एकतीस.'

 त्यांनी पुण्याच्या बहिणीला वाट्या पाठवायला सांगितल्या होत्या, फोन करून नको म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. सुलक्षणाला फक्त एवढं म्हणाल्या, 'वीस वर्षांनी का होईना, ह्यांच्या लक्षात आलं गं.'

एकोणीस जानेवारी, शनिवार. हळदीकुंकू झालं. बायका पांगल्या. संध्याकाळी पाचला वहिनींनी हॉस्पिटलात फोन लावला. आनंद पोटात मावत नव्हता. श्रीनिवासरावांच्या मागे वाफेची तीन यंत्रं फुसफुसत होती.

'अहो, ऐकलंत का? सगळं लुटलं!'

'काय?'

'लुटलं! एकतीसच्या एकतीस. ग्रीनहाउस रिकामं झालं!'

'कोणी लुटलं?'

'आता कोणी काय, बायका आल्या होत्या ना घरी!'

'किती बायका?'

'एकतीस! हसत हसत घेऊन गेल्या हो. एक तर पार लंडनला, हाउन्सलोला निघाली घेऊन.'

ते बसले. धुवायच्या चादरींच्या ढिगावर. फोन हातातच होता. मग उठले आणि त्यांनी पोलिसांना फोन केला.

पुढचं मला पोलिसाकडून नाही, रश्मीकडून कळलं. श्रीनिवासराव बस बदलत घरी पोचेपर्यंत कॉन्स्टेबल आधीच आला होता. तरुण, लालबुंद कानांचा. वहिनी अजून काळ्या चंद्रकळेत, अंगावर हलव्याचे दागिने. त्यांना वाटलं, शेजाऱ्यांपैकी कुणी तिळगूळ घ्यायला आलाय. त्यांनी त्याच्या हातावर वडी ठेवली आणि म्हणाल्या, 'गोड बोला.'

'मॅडम, एकतीस स्त्रियांनी जबरदस्तीने प्रवेश केला का?' त्याने विचारलं.

'जबरदस्ती कसली? मी गेला महिनाभर बोलावत होते.'

'त्यांनी माल कसा नेला?'

'मी त्यांच्या हातात दिला. आधी कुंकू लावलं.'

कॉन्स्टेबलने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. 'त्या काही म्हणाल्या?'

'आईला त्या बोलले, फार सुंदर आहे,' रश्मी मराठीत म्हणाली, मग चूक लक्षात येऊन तेच इंग्रजीत म्हणाली. या घरात गडबड झाली की ती मराठीत बोलते आणि मग मराठीची गडबड होते.

एवढ्यात श्रीनिवासराव आले. कॉन्स्टेबलने वही मिटली. 'सर,' तो फार हळुवारपणे म्हणाला, 'तुमचं घर तुमच्या पत्नीने लुटलंय. आणि मला वाटतं, कायद्याने तिला ते करता येतं.' दुसरी वडी घेऊन तो गेला.

'मधू,' श्रीनिवासराव म्हणाले, 'माझी झाडं!'

'झाडं काय? वाण ते. तुम्हीच म्हणालात.'

'वाण म्हणजे जात! बियाण्याची जात! दार्जिलिंगचं वाण!'

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वहिनींचा हात पदरावर होता, तो तिथेच राहिला. 'म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं?' त्यांनी विचारलं.

आणि मग, रश्मी सांगते, आईसुद्धा बसली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. खालच्या पायरीवर बाबा बसलाच होता.

परत मागणं शक्य नव्हतं. वहिनी त्यावर ठाम. 'सवाष्णीच्या हातात दिलेलं वाण परत मागायचं? मी घरोघर जाऊन सांगू, की बायांनो, माझा नवरा तेव्हा भाताच्या जातीबद्दल बोलावं तसं बोलत होता?' पुढचे तीन आठवडे दोघं एकमेकांशी रश्मीमार्फत बोलत होते. ती निरोप न्यायची. 'आई म्हणतो, वाण परत नाही येत.' 'बाबा म्हणते, ठीक आहे.' घरात भांडण कुणाचं कुणाशी तेही व्याकरणावरून कळेना.

श्रीनिवासरावांची भिस्त आता तुकड्यावरच्या चार झाडांवर. ती दांडगी होती. एकूण एक शेंडा धरला तर किटली नाही, पण निदान दोन कप.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. तो बर्फ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. पीठ चाळल्यासारखा कोरडा, बारीक, थांबायचं नाव नाही. बसेस बंद, शाळा बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीनिवासराव चालत अलॉटमेंटवर गेले. चारही झाडं काळी पडली होती. फांदी वाकवली तर काडीसारखी मोडली. घरी येऊन पाहतात तर बर्फाच्या वजनाने ग्रीनहाउसचं छत आत कोसळलेलं. एकतीस कुंड्या जिथे असायच्या त्या फळीवर काचा आणि हातभर बर्फ.

ते त्या बर्फातच बसले. आणि बसल्या बसल्या त्यांना कळलं, की कुंड्या तिथे नाहीत.

दुपारी आमच्या दारावर थाप पडली. भुवयांवर बर्फ घेऊन ते आत शिरले, मला बाजूला सारून तडक स्वयंपाकघरात. सुलक्षणाची कुंडी खिडकीत, किटलीच्या शेजारी होती. कुंडीला हळदीकुंकवाची बोटं. आणि झाड! महिन्यात बोटभर वाढलं होतं. दोन नवी पानं, पोपटी, तुकतुकीत.

'सुलक्षणाबाई, काय घालता हो याला?'

'काही नाही बाई. गुलाबाला घालतो तेच. चहाचा चोथा.'

ते सिंकपाशी उभ्या असलेल्या लोखंडी स्टुलावर बसले. 'चहाला चहाचा चोथा?'

'का? घालू नये?'

'घालू नये असं नाही... पण ते त्याचे भाऊबंद आहेत हो!'

पुढच्या काही दिवसांत त्यांनी सगळीकडे फोन लावले. सगळीकडे तेच. खिडकीत कुंडी, शेजारी किटली, सकाळ-संध्याकाळ वाफ, आणि उकळून गाळलेल्या चहाचा चोथा. एका घरी मांजराने रोप उपटलं होतं, दुसरीकडे पाण्याने कुजलं होतं. बाकी एकोणतीस जिवंत. चार वर्षं थर्मामीटर, आम्लतेच्या पट्ट्या आणि उंचीच्या वह्या घेऊन त्यांनी जे वीतभर केलं, ते लीड्स-ब्रॅडफर्डच्या बायका भांडी घासता घासता दीड वीत करत होत्या. हा धक्का मला वाटतं त्यांना सगळ्यात मोठा बसला. त्यातून ते दोन दिवस उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या तोंडाने, रश्मीला मध्ये न घालता, वहिनींना विचारलं, 'मधू, शेंडे तरी घेता येतील का? झाडं राहू देत त्यांची.'

वहिनी पोळी लाटत होत्या. 'वाण परत घ्यायचं नसतं,' त्या म्हणाल्या. पोळी उलटली. 'पण एखाद्याने कुणाकडे चहाला जाऊ नये असं मी कुठे म्हटलंय?'

जूनमधला एक शनिवार ठरला. पानं त्याच दिवशी घरी यायला हवीत म्हणून गाडी माझी. सकाळी सातला निघालो. पहिलं घर सुमेधा आगाश्यांचं. श्रीनिवासराव दारात म्हणाले, 'चहाला आलोय.' सुमेधाताईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं. नखाने हलकेच सहा शेंडे त्यांनी खुडले, सुती पिशवीत ठेवले, निघाले.

'असं कसं? चहाला आलात आणि चहा न घेता?'

आता मराठी बाईच्या घरातून चहा न घेता बाहेर पडायची वाट अजून कुणी शोधलेली नाही. आलं घालून उकळलेला, सायीचा, कपभर. सोबत चिवडा. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच, आणि शिवाय 'वहिनींशी बोलणं सुरू झालं का?' अकराव्या घरी श्रीनिवासरावांनी हात जोडले, तर त्या बाई म्हणाल्या, 'आगाश्यांकडे घेतलात म्हणे.' बातमी फोनने आमच्या गाडीपुढे धावत होती. हाउन्सलोची रेखा तर कुंडी मांडीवर घेऊन पहाटेच्या कोचने लीड्सला आली होती. स्टेशनावरच तिने झाड पुढे केलं आणि पिशवीतून थर्मास काढला.

संध्याकाळी सातला आम्ही परतलो, तेव्हा पिशवीत एकशे छप्पन्न शेंडे होते आणि श्रीनिवासरावांच्या पोटात चोवीस कप. माझ्या पोटातले मी मोजले नाहीत. सात कपांची एक किटली करण्यासाठी एवढा चहा जगाच्या इतिहासात कुणी प्यायला नसेल.

पानं रात्रभर वहिनींच्या जुन्या सुती साडीवर मलूल होऊ दिली. सकाळी ती चोळून वळायची. श्रीनिवासराव वळायला बसले. पानं फाटत होती, रस तळव्यांना लागत होता, पीळ काही बसेना. वहिनी जरा वेळ दारातून बघत राहिल्या.

'सरका,' त्या म्हणाल्या.

ज्या बाईने चाळीस वर्षं देवासाठी वाती वळल्या आहेत तिला चहाचं पान काय जड? तळव्यावर पान, दुसरा हात एकदाच हलका फिरला, की पीळ. एकशे छप्पन्न वाती त्यांनी तासाभरात वळल्या. श्रीनिवासराव समोर मांडी घालून बघत होते. धक्का बसला होता की नाही सांगता येणार नाही, आधीच बसलेले होते.

जूनचा शेवटचा रविवार. अलॉटमेंटच्या शेडमध्ये कमिटीचे सात जण, आम्ही चौघं, आणि स्टोव्हवर किटली. श्रीनिवासरावांनी चहा ओतला. रंग मधासारखा. वास कसला म्हणू? पावसानंतर हिरवळ कापतात तसा, आणि मागून किंचित भाजलेल्या शेंगदाण्याचा. होल्रॉइडनी कप उचलला, एक घोट घेतला. दुसरा घेतला. साखर मागितली नाही. दूध मागितलं नाही. यॉर्कशायरचा निवृत्त बस ड्रायव्हर दूध मागत नाही, म्हणजे माणूस हादरला होता.

'आय,' ते म्हणाले. तिकडे हो म्हणायचं असलं की एवढंच म्हणतात. 'हा चहा आहे.'

बाकीच्या सहांनी टाळ्या वाजवल्या. तुकडा मिळाला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. आणि श्रीनिवासराव उभे राहिले.

'एक सांगायचं आहे,' ते इंग्रजीत म्हणाले. 'यातलं एकही पान या तुकड्यावरचं नाही. आणि ती झाडं आता माझी नाहीत. ती एकतीस स्त्रियांची आहेत. माझ्या पत्नीने दिली. ती परत घेता येत नाहीत.'

मी कपाळाला हात लावला. सुलक्षणा पुटपुटली, 'गप्प बसले असते तर?' होल्रॉइडनी बराच वेळ पाइप झाडला.

'मग नियमाने तुकडा जातो, सिड,' ते म्हणाले. श्रीनिवास हे नाव त्यांनी चार वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. 'खरं बोललास, पण नियम तो नियम.'

'मान्य आहे.'

होल्रॉइडनी खिळ्याला अडकवलेली यादी काढली, चष्मा लावला. पहिली दोन नावं त्यांनी पेन्सिलने खोडली, एक जण वारला होता आणि एक स्पेनला गेला होता. तिसऱ्या नावापाशी ते थांबले. कागद दूर धरला, जवळ धरला.

'मिसेस एम. मेढेकर,' त्यांनी वाचलं. 'नोंद ऑगस्ट १९८७.'

शेडमध्ये सगळ्यांची तोंडं वहिनींकडे वळली. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या.

'मेथी लावायची होती मला,' त्या मराठीत म्हणाल्या. 'ह्यांनी दोन-दोन तुकडे आपल्या नावाने घातले घशात, म्हटलं माझं नाव मी वेगळं घालते. इथे मेथीची जुडी बघितलीत का? चार काड्या!'

श्रीनिवासराव बसले. होल्रॉइडच्या रूबार्बच्या टोपलीवर. टोपली मोडली, होल्रॉइडनी 'नो' म्हटलं आणि मग तेही हसायला लागले.

पुढच्या जानेवारीत लीड्समध्ये एकामागून एक हळदीकुंकवं झाली. आपलं दिलेलं वाण परत घ्यायचं नसतं, पण दुसरीने दिलेलं वाण नाकारायचंही नसतं. वहिनी आगाश्यांकडे गेल्या, त्यांनी ओंजळीत फांदीपासून रुजवलेलं एक रोप ठेवलं. पाध्यांकडे गेल्या, तिथेही तेच. एकोणतीस घरांपैकी कुणी आधी कुणाशी बोललं होतं की नाही, मी विचारलं नाही. सुलक्षणाने आमच्याकडचं रोप रुजवताना मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

आता, १९९८ साली, त्या तुकड्यावर चहाच्या तीन ओळी आहेत. हिवाळ्यात वहिनी त्यांना जुनी ब्लँकेटं पांघरतात आणि कॅन्टीनमधून बादलीभर चोथा मागवतात. चौथी ओळ मेथीची. वर्षाला दोन-तीन डबे चहा होतो. लंडनच्या एका चहाच्या दुकानदाराने तो चाखला, दोनदा पत्र पाठवून आणखी मागितला, आणि पाकिटावर मळेवाल्याचं नाव काय छापायचं असं विचारलं. श्रीनिवासरावांनी 'मधुमती मेढेकर' असं कळवलं. दुकानदाराने उलट विचारलं, मग तुम्ही कोण?

परवा मी गेलो, तर ते गुडघ्यावर बसून ओळीतलं तण काढत होते. म्हटलं, काय लिहिलंत उत्तर?

'लिहिलं, तिथे कामाला आहे म्हणून.' मग त्यांनी शेडकडे बोट केलं. शेडच्या दारात सहा नव्या कुंड्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाची बोटं. 'या संक्रांतीच्या. मला विचारलं होतं तिने या खेपेस. दोनदा विचारलं.'

'आणि?'

'मी म्हटलं, लूट.'